नीट सोडून प्रयोगशाळेत जायचं म्हणते: कराडजवळच्या एका आईच्या पत्राला उत्तर

कराडजवळच्या गावातून एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात देते.

"माझी मुलगी बारावीत आहे, नीटचा क्लास लावलाय. धाकटा सहा वर्षांचा. त्याला ली सिंड्रोम आहे, मायटोकॉन्ड्रिया बिघडल्याने मेंदूला होणारा आजार. जनुक तपासणीत सर्फ-१ या जनुकात दोष निघाला. मध्यंतरी मुलीच्या वाचनात आलं की जर्मनीत आजारी मुलांच्या पेशींपासून मेंदूसारखा तुकडा वाढवतात आणि त्यावर औषधं तपासतात. त्या दिवसापासून ती म्हणते, मला डॉक्टर नाही व्हायचं, मला हे करायचंय. तिचे बाबा चिडलेत. यात नोकरी असते का? पगार मिळतो का? घरात सगळे म्हणतात की मायटोकॉन्ड्रियाचा आजार आईकडूनच येतो, त्यामुळे मी या विषयावर काही बोलायला गेले की समोरचे गप्प होतात. एका डॉक्टरांनी संशोधनासाठी बाळाचा नमुना द्याल का असंही विचारलंय. मुलगी शिकून तयार होईपर्यंत दहा वर्षं जातील, तोवर आमचा बाळ"

वाक्य तिथेच सुटलंय. खाली मुलीने वेगळ्या शाईत एक ओळ लिहिली आहे: "मॅडम, त्या पेशी खरंच बघायला मिळतात का?"

ताई,

करिअरचं नंतर बोलू. आधी तुमच्या घरातल्या त्या गप्प बसण्याबद्दल लिहिते, कारण मुलीचा निर्णय त्याच घरात व्हायचाय.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक भाग. त्यांचा स्वतःचा एक छोटा डीएनए असतो. त्यात ३७ जनुकं असतात आणि तो आईकडूनच येतो, हे बरोबर आहे. पण मायटोकॉन्ड्रिया चालवायला हजाराहून जास्त प्रथिनं लागतात आणि या छोट्या डीएनएतून त्यातली १३च तयार होतात. बाकी सगळ्यांचा आराखडा पेशीच्या केंद्रकात, आईवडील दोघांकडून आलेल्या गुणसूत्रांवर असतो. सर्फ-१ हे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. त्याचा आजार व्हायला मुलाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही सदोष प्रती मिळाव्या लागतात. म्हणजे तुमच्या बाळाचा आजार तुमच्याकडून जितका आला तितकाच त्याच्या बाबांकडून, आणि दोघांपैकी कुणाच्याही चुकीने नाही. अहवाल घेऊन जनुकतज्ज्ञाकडे जा, दोघं मिळून जा, आणि हे त्यांच्या तोंडून घरातल्या मोठ्यांनाही ऐकू द्या. मुलीकडेही एक सदोष प्रत असू शकते. त्याने तिच्या तब्येतीला काही होत नाही, पुढे कधी तिला स्वतःचं मूल हवं असेल तेव्हा विचारायची ती गोष्ट आहे.

आता मुलीने जे वाचलं त्याबद्दल. बातमीत गोष्टी एकमेकींत मिसळतात, म्हणून जरा सुटं करून सांगते.

या कामाच्या मुळाशी जपानचे शिन्या यामानाका आहेत. २००६ साली त्यांनी उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा मूलपेशी करून दाखवलं. म्हणजे मोठं झालेल्या पेशीला भ्रूणातल्या पेशीसारखं कोरं केलं. त्याबद्दल २०१२ चं नोबेल त्यांना मिळालं. त्या कोऱ्या पेशीपासून चेतापेशी करता येतात, हृदयाच्या पेशीही करता येतात. २०१३ साली व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी अशा मूलपेशींपासून मेंदूच्या उतीचा गोळा वाढवला. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. वाढून वाढून तो तीन-चार मिलिमीटरचा होतो, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो विचार करत नाही, त्याला रक्तवाहिन्या नसतात, आणि त्याचं वय गर्भातल्या मेंदूइतकंच राहतं. पण त्या पेशी ज्या मुलाच्या, त्याचाच बिघाड घेऊन तो वाढतो. तुमच्या मुलीला जे भावलंय ते हेच असावं.

मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांत याची गरज का पडली, ते सर्फ-१ वरूनच कळतं. इटलीतल्या संशोधकांनी उंदरातून हे जनुक काढून टाकलं. अपेक्षा ही की उंदराला ली सिंड्रोमसारखं काहीतरी होईल. २००७ साली त्यांनी जाहीर केलं की ते उंदीर उलट साध्या उंदरांपेक्षा जास्त जगले. ज्या बिघाडाने माणसाचं लेकरू उभं राहू शकत नाही, त्याच बिघाडाने उंदीर धडधाकट. मग त्या उंदरावर औषध कसलं शोधणार? माणसाच्याच चेतापेशी हव्यात, आणि जिवंत मुलाच्या मेंदूतून त्या काढता येत नाहीत. म्हणून हा सगळा खटाटोप.

अलेस्सांद्रो प्रिजिओने यांचा गट, आधी बर्लिनला आणि आता ड्युसेलडॉर्फला, हे काम वर्षानुवर्षं करतोय. २०१७ साली त्यांनी एमटी-एटीपी६ या जनुकात दोष असलेल्या रुग्णांच्या पेशींपासून मेंदूच्या पूर्वपेशी, म्हणजे चेतापेशी होण्याआधीच्या पेशी, केल्या आणि आधीच मंजूर असलेली १३० औषधं त्यांवर टाकून पाहिली. त्यातून अवानाफिल हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध पुढे आलं. नंतर त्यांनी आणि त्यांच्या युरोपातल्या सहकाऱ्यांनी पाच हजारांहून जास्त औषधं चाळली, आणि त्याच कुळातलं सिल्डेनाफिल हाती लागलं. सहा रुग्णांना ते देऊनही पाहिलं गेलं. तुमच्या मुलीने वाचलं ते बहुधा हे.

इथे थांबून एक गोष्ट निक्षून सांगते. ते काम प्रामुख्याने एमटी-एटीपी६ च्या दोषावरचं आहे. तुमच्या बाळाचं जनुक वेगळं आहे. सहा रुग्णांवरून कुठलंही औषध सिद्ध होत नाही, आणि सिल्डेनाफिल रक्तदाबावर परिणाम करतं. मेडिकलमधून आणून देऊन बघू, हा विचार घरात कुणाच्याही मनात आला असेल, अगदी मायेपोटी आला असेल, तरी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलल्याशिवाय एक गोळीही देऊ नका.

तुमच्या बाळाच्या जनुकावरही याच गटाने काम केलंय, २०२१ साली. सर्फ-१ बिघडलेल्या मुलांच्या पेशींपासून त्यांनी चेतापेशी आणि ऑर्गनॉइड वाढवले. त्यांना दिसलं असं: मेंदूच्या पूर्वपेशी सुरुवातीला नुसती साखर फोडून ऊर्जा काढतात. चेतापेशी व्हायची वेळ आली की त्यांनी मायटोकॉन्ड्रियावर यायला हवं. या पेशींना तो बदल जमत नव्हता. त्यामुळे चेतापेशी तयार व्हायच्या, पण त्यांना फांद्याच नीट फुटायच्या नाहीत. निरोगी सर्फ-१ घातल्यावर फांद्या सुधारल्या, आणि रक्तातली चरबी कमी करायला वापरतात त्या बेझाफायब्रेटनेही सुधारल्या. हे सगळं काचेच्या ताटलीतलं. बाळापर्यंतचा रस्ता अजून लांब आहे. पण तुमच्या मुलीला सांगा की तिच्या भावाच्या जनुकाचं नाव लिहिलेल्या ताटल्या जगात आहेत आणि रोज कुणीतरी त्या उघडून बघतंय.

आता तिच्या प्रश्नावर येते. हो, बघायला मिळतात. मी पाहिल्यात.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी माझ्या जुन्या विद्यार्थिनीला भेटायला गेले होते, पाडव्याच्या दिवशी सकाळी. बाहेर रस्त्यावर फटाक्यांचा धूर आणि आत ती हातमोजे घालून ताटल्यांसमोर. मी म्हटलं, आज तरी घरी जा. ती म्हणाली, "मॅडम, यांना दर दोन-तीन दिवसांनी खायला घालावं लागतं, यांना पाडवा कळत नाही." इन्क्युबेटरचं दार उघडलं, आत ३७ अंशांची ऊब. सहा खळग्यांची प्लास्टिकची ताटली हलत्या तबकावर सावकाश गोल फिरत होती. खळग्यांत गुलाबी पाणी आणि त्यात पांढरट, तांदळाच्या कणीएवढे गोळे. ते बारीक नळीत ओढताना फुटू नयेत म्हणून नळीचं टोक तिने कात्रीने आधीच कापून ठेवलेलं.

मग तिने दोन खळगे दाखवले. एकातलं पाणी गुलाबी, दुसऱ्यातलं पिवळट. दोन्हींना एकाच दिवशी, एकाच बाटलीतून खाऊ घातलेलं. त्या पाण्यात एक रंगद्रव्य असतं, आम्ल वाढलं की ते पिवळं पडतं. ज्या पेशींचे मायटोकॉन्ड्रिया अधू असतात त्या साखर अर्धवट फोडतात आणि लॅक्टेट हे आम्ल बाहेर टाकतात, म्हणून त्यांचं पाणी लवकर पिवळं पडतं. ताई, लॅक्टेट हा शब्द तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाळाच्या रक्ताच्या प्रत्येक कागदावर तुमची नजर त्याच आकड्याकडे आधी जात असेल. तोच आकडा तिथे रंगात दिसतो.

त्याच भेटीत तिने हेही सांगितलं की आदल्या पावसाळ्यात एका बुरशीने तिचे तीन महिन्यांचे सगळे गोळे गेले. फेकून दिले, इन्क्युबेटर धुतला, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केलं. हे सांगताना ती चिडली नाही, रडली नाही. कसं धुतलं ते मात्र तिने मला तपशीलवार सांगितलं. या कामाला कोण लागतं, असं मला कुणी विचारलं की मला ती मुलगी आठवते. हुशारी लागते, पण ती पुष्कळांकडे असते. हे असं पुन्हा सुरू करणं लागतं, आणि कंटाळवाण्या कामाची गोडी लागते.

मुलीचा एक गैरसमज आधीच दूर झालेला बरा. हजारो औषधांची चाळणी सहसा ऑर्गनॉइडवर होत नाही. एकाच मुलाच्या पेशींपासून वाढवलेले दोन गोळेही सारखे निघत नाहीत, आणि चाळणीला सारखेपणा लागतो. चाळणी होते ती एका थरात वाढवलेल्या पेशींवर, ३८४ बारीक खळग्यांच्या ताटल्यांत. तिथे यंत्रमानव औषधाचे थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शक आपोआप फोटो काढत जातो. त्यातून उरलेली मोजकी औषधं मग ऑर्गनॉइडवर तपासतात. शिवाय ली सिंड्रोममध्ये मेंदूचा खोल भाग आणि मेंदूचा देठ जास्त बिघडतात, तर साध्या पद्धतीने वाढवलेला गोळा बराचसा वरच्या थरासारखा असतो. त्या त्या भागाचे गोळे वाढवणं हे स्वतःच एक अपुरं राहिलेलं काम आहे, आणि अपुरं आहे म्हणूनच तिथे माणसं हवी आहेत.

म्हणजे एका औषधामागे अनेक प्रकारची माणसं असतात. पेशी वाढवणारे, यंत्रं चालवणारे, लाखो फोटोंमधून अर्थ काढणारे संगणकवाले, औषध शरीरात कसं फिरेल ते सांगणारे औषधशास्त्राचे लोक, आणि डॉक्टर. तिच्या बाबांना हे शेवटचं जरूर सांगा. सिल्डेनाफिलच्या कामात बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाचे मार्कुस श्यूल्के आहेत, ते लहान मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर. रुग्णांना औषध देऊन बघायचं तर डॉक्टरच लागतो. एमबीबीएस, मग बालरोग, मग बालन्यूरॉलॉजी किंवा वैद्यकीय जनुकशास्त्र, या वाटेनेही माणूस याच दाराशी पोचतो. त्यामुळे "डॉक्टर की हे" असा वाद घरात चाललाय, तो मला खोटा वाटतो. खरा प्रश्न एवढाच की तिला रोज रुग्णासमोर बसायचंय की ताटलीसमोर. माझा अंदाज तिच्या त्या एका ओळीवरून आहे. तिने विचारलं "पेशी बघायला मिळतात का", "रुग्ण बरे होतात का" असं नाही. अंदाजच आहे, चुकूही शकतो.

ताटलीसमोरची वाट अशी. नीटचा अभ्यास झालाच आहे, परीक्षा देऊ द्या, ती रद्द करायचं काही कारण नाही. त्याच वर्षी आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी, द्यायला लावा. पुण्यातल्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्र, आहे, आणि आयसरच्या इतर शाखाही याच परीक्षेतून घेतात. नेस्ट ही दुसरी परीक्षा, भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठातलं सीईबीएस या विज्ञान संस्थांसाठी. एक अडचण तुमच्या पत्रात दिसत नाही पण आपल्याकडे हमखास असते: नीटवाल्या मुलांनी गणित सोडलेलं असतं. आयएटीत चारही विषयांचे प्रश्न असतात, गणिताचेही. तिने सोडलं असेल तर आजपासून रोज एक तास गणित. परीक्षेपुरतं म्हणून सांगत नाही. पेशींचे फोटो मोजायला पुढे पायथन ही संगणकाची भाषा आणि संख्याशास्त्र लागतं, आणि जीवशास्त्रातली हुशार मुलं तिथेच अडतात हे मी फार वेळा पाहिलंय.

यातलं काही जमलं नाही तरी दार बंद होत नाही. पुण्यात, कोल्हापुरात, कराडातही बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीचं बीएस्सी होतं. त्यानंतर जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी करता येतं. सीईटीतून बी.फार्म हीसुद्धा औषधशोधाकडे जाणारी सरळ वाट आहे, तिला उगीच कमी समजतात. बीएस्सी करताना उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतीय विज्ञान अकादमीच्या फेलोशिपवर खऱ्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करता येतं. कुठल्या कॉलेजात शिकली यापेक्षा ते दोन महिने मी जास्त मोलाचे धरते.

मग पीएचडी. पगाराचं विचारलंत, तर सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, आणि घरभाडं वेगळं. पैसे हातात येतात पण डॉक्टर झालेल्या मैत्रिणीशी तुलना करू नका, दोघींना त्रास होईल. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतर बहुतेक जण परदेशी दोन-चार वर्षं काम करून येतात. जर्मनीत तर पीएचडीचा विद्यार्थी बहुतेक वेळा पगारी नोकरीवरच असतो. तिचं हे शिक्षण तिशीपर्यंत चालणार आहे, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. मुलगी पंचविशीची झाली की घरी जे बोलणं सुरू होतं, ते तेव्हा तिच्या अंगावर येऊ नये.

भारतात हे काम कुठे चालतं? बंगळुरूला निम्हान्स हे मेंदू आणि मानसिक आजारांचं रुग्णालय आणि एनसीबीएस, इन्स्टेम या संशोधन संस्था यांनी मिळून मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या रक्तापासून मूलपेशी तयार करण्याचा मोठा कार्यक्रम चालवलाय. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत के. थंगराज यांच्या गटाने भारतीय रुग्णांमधल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर काम केलंय. पुण्यात पेशींचं मोठं केंद्र एनसीसीएस आहे. नोकरीच्या बाजूने एक चांगली गोष्ट घडली आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नव्या औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांवरच्या चाचण्यांऐवजी ऑर्गनॉइडसारख्या मानवी पेशींच्या पद्धती वापरायला वाट करून दिली. अमेरिकेने तसाच कायदा डिसेंबर २०२२ मध्ये केला होता. औषध कंपन्या आणि त्यांच्यासाठी चाचण्या करणाऱ्या संस्था यांना पेशी वाढवता येणारी माणसं पूर्वीपेक्षा जास्त लागणार, असं मला वाटतं. तरी स्पष्ट सांगते, नुसत्या बीएस्सीवर यात चांगला पगार मिळत नाही.

आता ते सुटलेलं वाक्य.

तुमची मुलगी औषध घेऊन वेळेत भावापर्यंत पोचेल, असं मी तुम्हाला लिहू शकत नाही. बाळाच्या वाट्याला काही यायचं असेल तर ते आज तिथे उभ्या असलेल्या माणसांकडून येईल. म्हणून मला तिची एक काळजी वाटते. सतरा वर्षांची मुलगी मनात ठरवते की मी भावाला वाचवणार, आणि मग एखाद्या पावसाळ्यात बुरशीने तीन महिन्यांच्या ताटल्या जातात. त्या दिवशी तिला वाटेल की भाऊ माझ्या हातून निसटला. ते ओझं पेलून कुणी दहा वर्षं पेशी वाढवू शकत नाही. तिला तुम्ही दोघांनी जवळ घेऊन सांगा, बाबांनीही सांगा, की बाळाला बघायला आम्ही आहोत, डॉक्टर आहेत. तू बहीण आहेस, संध्याकाळी त्याच्याजवळ बस, त्याला गाणी लाव. आणि तुला पेशी आवडत असतील, तो पिवळा पडलेला खळगा का पिवळा पडला या प्रश्नाने तुला झोप येत नसेल, तर जा. एवढं कारण पुरेसं आहे. भाऊ मनात राहीलच, त्याला काढून टाकायला कुणी सांगत नाही.

नमुन्याचं विचारलंत. त्वचेचा तीनेक मिलिमीटरचा तुकडा भूल देऊन काढतात, काही ठिकाणी रक्तही चालतं. हो म्हणण्याआधी संमतिपत्र घरी आणा, मराठीत मागा, आणि चार गोष्टी विचारा: पेशी कुठे ठेवणार, दुसऱ्या देशात किंवा कंपनीला देणार का, बाळाचं नाव कोण बघू शकेल, आणि पुढे आमचा विचार बदलला तर नमुना परत मागे घेता येईल का. बाळाला भुलेचा धोका किती, हे त्याच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा, या मुलांच्या बाबतीत तो प्रश्न साधा नसतो. नाही म्हणालात तरी बाळाच्या उपचारात फरक पडता कामा नये, तो तुमचा हक्क आहे. आणि हा निर्णय आईवडिलांचा. मुलगी कितीही आग्रह करू दे, तिच्यावर टाकू नका.

शेवटचं मुलीसाठी. बाळा, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमारास पुण्यातल्या बऱ्याच संशोधन संस्था सगळ्यांना आत येऊन बघू देतात, तारखा जानेवारीत कळतात. बारावीची परीक्षा आडवी आली तर या वर्षी राहू दे, निकालानंतर मला लिही, माझ्या त्या विद्यार्थिनीला मी विचारून ठेवलंय, ती एक दिवस तुला शेजारी बसवून घ्यायला तयार आहे. वही आण. पायात बंद बूट घाल, चपला घालून तिथे आत सोडत नाहीत.